सिलिंडर कोण रिकामा करतं? श्वासाच्या हिशेबाची गोष्ट

आजचा भाग एका प्रेक्षकांच्या प्रश्नावर आहे. हे गृहस्थ मूळचे आपल्याकडचे, नोकरीमुळे बरीच वर्षं चंडीगडला असतात. सुट्टीत तारकर्लीला येऊन त्यांनी स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला. ते लिहितात, "मी वीस वर्षं रोज न चुकता प्राणायाम करतो. तरी पाण्याखाली पंचवीस मिनिटांत माझा सिलिंडर संपत आला आणि बरोबरच्या पोराच्या सिलिंडरमध्ये अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक! तो पोरगा प्राणायाम वगैरे काही करत नाही. मग माझं चुकलं कुठे?"

प्रश्न वाचून मला आधी हसू आलं आणि मग जाणवलं, की याचं उत्तर द्यायचं तर शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगावा लागेल. त्यात लंडनचं आरमार आहे, फ्रान्समधला एक इंजिनिअर आहे आणि आपलं लोणावळाही आहे.

पण सुरुवात चंडीगडच्या शेजारूनच करू. तिथून दक्षिणेला दीड-दोन तासांच्या अंतरावर कुरुक्षेत्र आहे. महाभारताच्या शल्यपर्वात, सगळं सैन्य संपल्यावर दुर्योधन द्वैपायन सरोवरात जाऊन लपतो. पाणी मंत्राने बांधून, म्हणजे जलस्तंभन करून, तो तळाशी पडून राहतो. पांडव काठावर येतात, युधिष्ठिर त्याला नको नको ते बोलतो आणि शेवटी दुर्योधन रागाने फुत्कारत वर येतो. कथा आहे, तिला प्रयोगशाळेत बसवायचं कारण नाही. पण ज्याने कोणी हा प्रसंग रचला, त्याला एक गोष्ट नक्की माहीत होती: मन शांत असेतो माणूस पाण्याखाली टिकतो आणि संताप चढला की त्याला वर यावं लागतं. याचा शरीरशास्त्रातला खुलासा मात्र विसाव्या शतकात मिळाला.

तो मिळाला जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाला. खाणीत, गटारात, बंद खोल्यांत साचलेल्या वाईट हवेचा अभ्यास हा त्यांचा धंदाच होता, आणि प्रयोग बहुतेक स्वतःवर. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा, की शरीराला ऑक्सिजन कमी पडला की श्वास घ्यावासा वाटतो. १९०५ साली हॉल्डेन आणि प्रिस्टली या दोघांनी एक साधी युक्ती केली. लांब रबरी नळीत जोरात श्वास सोडायचा आणि शेवटी आलेली हवा, म्हणजे फुप्फुसाच्या अगदी तळातली हवा, नमुना म्हणून घ्यायची. त्यांना दिसलं, की या हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण शरीर कमालीच्या काटेकोरपणे सांभाळतं. ते ०.२ टक्क्यांनी जरी वाढलं तरी फुप्फुसात खेळणारी हवा जवळजवळ दुप्पट होते. ऑक्सिजन थोडाफार कमी झाला तर शरीर तितकं मनावर घेत नाही.

म्हणजे श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात आहे. आपण हवा आत घेण्यासाठी धडपडतो असं आपल्याला वाटतं, पण शरीराची खरी घाई असते ती आतला कचरा बाहेर टाकण्याची.

चंडीगडकरांना याचा अपवादही ठाऊक असणार. तिथून लेहला विमान जातं. सुमारे ३२० मीटर उंचीवरून तासाभरात ३,५०० मीटरवर. तिथे हवाच इतकी विरळ, की ऑक्सिजनची कमतरता स्वतःच श्वास वाढवायला लागते. डोंगरावर अडचण ऑक्सिजनची. समुद्रात नेमकं उलटं. तिथे दाब वाढल्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन हवा त्यापेक्षा जास्तच मिळतो. तरीही डायव्हरला धाप लागते, कारण कार्बन डायऑक्साइड.

हेही आधी हॉल्डेननीच दाखवलं. त्या काळी ब्रिटिश आरमाराचे पाणबुडे तांब्याचं शिरस्त्राण घालून उतरत. वर बोटीवर माणसं हातपंप मारून नळीने हवा खाली पाठवत. खोल गेलेला पाणबुडा थोडंसं काम केलं की दमायचा, गुदमरायचा, आणि लोक म्हणायचे, दाबच सोसवत नाही. आरमाराने नेमलेल्या समितीत हॉल्डेन होते. त्यांनी शिरस्त्राणातली हवा तपासली तेव्हा दोष दाबाचा नव्हता, आत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा होता. तो धुऊन काढायला जितकी हवा लागते तितकी पाणबुड्यापाशी पोचतच नव्हती. का? कारण दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. वीस मीटरवर पाणबुड्याला नेहमीइतकी हवा मिळायची तर पंपाने तिप्पट हवा दाबली पाहिजे. पंपावरची माणसं बिचारी एकाच तालावर पंप मारत होती. हिशेब सुधारला आणि १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डॅमंट आणि कॅटो हे आरमाराचे दोघे २१० फूट खोल जाऊन सुखरूप वर आले. हॉल्डेननी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही त्या वेळी पाण्याखाली उतरवलं. पोशाख मापापेक्षा मोठा, आत पाणी शिरलं, पण पोरगा घाबरला नाही. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५७ साली भारतात स्थायिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. घराण्याचा हा नाद पाहिला की मला नेहमी वाटतं, आज कुठल्याही नैतिकता समितीने बापलेकांना दारातूनच परत पाठवलं असतं.

आता आपल्या प्रेक्षकांच्या सिलिंडरकडे येऊ. हिशेब तोच आहे, फक्त पंपावरच्या माणसांच्या जागी पोलादी नळकांडं आलं. ते आणलं फ्रान्समध्ये, १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या काळात. एमिल गान्यां हा गॅस कंपनीतला इंजिनिअर. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी गॅसवर चालवायच्या, त्यासाठी त्याने एक झडप तयार केली होती. नौदलातला जाक कुस्तो त्याच्याकडे गेला आणि दोघांनी ती झडप माणसाच्या श्वासाला जोडली. श्वास ओढला की झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जितका दाब तितक्याच दाबाची हवा तोंडात येते. बाकी वेळ बंद. याला आपण रेग्युलेटर म्हणतो. आधीच्या काही उपकरणांत हवा सतत वाहत राहायची, तिथे डायव्हरच्या श्वासाचा प्रश्नच नव्हता. कुस्तो-गान्यां यांच्या यंत्रात मात्र सिलिंडर किती वेळ पुरणार हे ज्याच्या पाठीवर तो असतो त्याच्या श्वासावर ठरायला लागलं. हवा वाचवणं ही कला इथे जन्माला आली.

जरा आकडे मांडू. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात २,४०० लिटर हवा बसते. शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला १,८०० लिटर. शांतपणे पोहणारा डायव्हर पाण्याच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला १५ लिटर हवा घेतो असं धरू. वीस मीटरवर ती होते ४५ लिटर. तळाशी चाळीस मिनिटं मिळाली. घाबरलेला, हातपाय मारणारा माणूस २५ लिटर घेतो. वीस मीटरवर ७५ लिटर. चोवीस मिनिटांत खेळ संपला. आपल्या प्रेक्षकांची पंचवीस मिनिटं आठवा.

आणि गंमत अशी, की या हवेतला ऑक्सिजन दोघांनीही फारसा वापरलेला नसतो. आपण आत घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, बाहेर सोडतो त्यात सोळा-सतरा टक्के. वीस मीटरवर दाबाखाली तर वापर याच्याही एक तृतीयांश. बुडबुड्यांतून वर जातो तो बहुतेक सगळा न वापरलेला माल. सिलिंडर रिकामा होतो तो ऑक्सिजनसाठी नाही, फुप्फुसं धुण्यासाठी.

धुणंही दोन प्रकारचं असतं. नाकापासून श्वासनलिकेच्या फाट्यांपर्यंत साधारण १५० मिलिलिटर जागा अशी आहे, जिथे हवेची देवाणघेवाण होतच नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे बारा श्वास घेतले तर सहा लिटरपैकी ४.२ लिटर कामी येतात. २५० मिलिलिटरचे चोवीस श्वास घेतले तर हवा तितकीच, सहा लिटर, पण कामाची फक्त २.४ लिटर. उथळ, भराभर श्वास म्हणजे बादलीभर पाणी ओतून निम्मंअधिक मोरीत घालवणं. कार्बन डायऑक्साइड नीट निघत नाही म्हणून धाप, धाप लागली म्हणून आणखी भराभर श्वास. हे चक्र एकदा फिरायला लागलं की प्रेशर गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

मग प्राणायाम करणाऱ्याचा श्वास तर सावकाश आणि खोल असायला हवा! इथे लोणावळा येतं.

स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातेत डभोईला. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायामाचे धडे, माधवदासजींकडे योग, मध्ये काही वर्षं खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचं काम. त्यांचं म्हणणं असं, की योगाचे फायदे सांगता ना, मग मोजून दाखवा. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिकही. त्यात क्ष-किरणांच्या छायाचित्रांबरोबर दाबाच्या मोजमापांचे तक्ते असत. योगाश्रमातून असं काही निघणं तेव्हा नवलाचंच होतं.

त्या काळात, आणि खरं सांगायचं तर आजही सकाळी बागेत, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो." कुवलयानंदांनी हे तपासायला घेतलं. प्राणायाम करणाऱ्याने बाहेर सोडलेली हवा गोळा करून तिचं पृथक्करण केलं. निष्कर्ष भक्तमंडळींना न आवडणारा होता: प्राणायामात मिनिटागणिक शरीरात जाणारा ऑक्सिजन नेहमीच्या श्वासापेक्षा जास्त नसतो, उलट कमीच भरतो. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनच्या साठ्यात शोधू नका, ते दाबात आणि मज्जासंस्थेच्या शिस्तीत आहे, असं ते मांडत राहिले. स्वतःच्या आश्रमाच्या सोयीचं नसलेलं उत्तर छापायला हिंमत लागते, म्हणून मला हा माणूस फार आवडतो.

गोष्ट इथे सरळ संपत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्याला येऊन शिकले आणि नंतर त्यांनी स्वतःवर मोजमाप केलं. त्यांचं पुस्तक १९३७ सालचं. त्यांना उज्जायी करताना ऑक्सिजनचा खप कमी न होता जवळपास पाव हिश्शाने वाढलेला आढळला. कारण उज्जायीत श्वास मुद्दाम अडवून, घसा आवळून, स्नायूंना राबवून घ्यायचा असतो, आणि राबणाऱ्या स्नायूंना ऑक्सिजन लागतो. म्हणजे प्राणायामातला श्वास कसा घेता यावर आकडा वर-खाली होतो. सरसकट "प्राणायाम केला की हवा कमी लागते" असं म्हणायची सोय कुवलयानंदही देत नाहीत आणि बेहननही देत नाहीत.

पुढे या प्रश्नाने जरा नाट्यमय वळण घेतलं. जमिनीत पुरून घेणाऱ्या योग्यांचे खेळ गावोगाव चालत. दिल्लीच्या एम्समध्ये बाळकृष्ण आनंद आणि सहकाऱ्यांनी रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून मोजलं. १९६१ साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार ऑक्सिजनचा खप विश्रांतीतल्या किमान पातळीच्याही बराच खाली गेला होता. लोणावळ्याला करंबेळकर, विणेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसांना बसवून असाच अभ्यास केला, तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. पण लक्षात घ्या, पेटीतला योगी बसलेला होता, निवांत होता, उबेत होता. समुद्रात माणूस पोहत असतो.

यानंतरचा धागा आपल्या प्रेक्षकांनी कान देऊन ऐकावा. १९८१ साली बेल्जियममध्ये स्टानेस्कू आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हठयोग करणाऱ्यांची तपासणी केली. त्यांचा श्वास सावकाश आणि खोल होता, आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला तरी त्यांचा श्वास इतरांइतका वाढत नव्हता. लगाम सैल झाला होता म्हणा ना. ऐकायला छान वाटतं, पाण्याखालची हवा वाचणारच! पण याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकात, अमेरिकन नौदलात एडवर्ड लॅनफिअर या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की काही डायव्हर काम करताना गरजेपेक्षा कमी श्वास घेतात. त्यांची हवा टिकते, लोक कौतुक करतात, आणि रक्तात मात्र कार्बन डायऑक्साइड साचत जातो. आधी डोकेदुखी, मग गोंधळ, आणि खोलवर असेल तर बेशुद्धी. गेजवर सर्वांत जास्त हवा शिल्लक ठेवणारा नेहमी सर्वांत चांगला डायव्हर असतोच असं नाही.

म्हणून वीस वर्षं प्राणायाम केलेल्यांना मी दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगेन. लांब, सावकाश रेचक, तो पाण्याखाली घेऊन जा. कुंभक काठावर ठेवून जा. दोन श्वासांच्या मधे हवा वाचवायला श्वास रोखून धरायची सवय काही डायव्हरना लागते. त्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढचे दहा श्वास व्याजासकट वसूल होतात. त्याहून मोठा धोका वर येताना. दहा मीटरवर भरलेलं फुप्फुस पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघतं. श्वास रोखलेला असेल तर ते फाटतं. डायव्हिंगच्या प्रत्येक वर्गात पहिला नियम शिकवतात तो हाच, श्वास कधीही रोखायचा नाही.

दुसरा धोका सिलिंडर न घेता पोहणाऱ्यांचा, आणि तो चंडीगडच्या तलावातही तितकाच खरा. पाण्याखालून जास्तीत जास्त अंतर कापायच्या पैजेआधी पोरं भस्त्रिकेसारखे जोरजोरात श्वास घेतात. समज असा की ऑक्सिजन भरून घेतला. प्रत्यक्षात फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली. ऑक्सिजन संपत येतो, पण श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि पोहणारा पाण्यातच शुद्ध हरपतो. अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ सालीच हे कारण नीट मांडलं होतं. उत्तम पोहणारे यात जातात, कारण न येणारा माणूस पैज लावतच नाही.

मग त्या पोराचा सिलिंडर का टिकला? तो पोरगा मालवणच्या पाण्यात वाढला असणार. त्याला पाण्यात काही करावं लागत नाही. नवखा माणूस कमरेला जास्त शिसं बांधतो, त्यामुळे बुडतो, मग जाकिटात हवा भरतो, मग वर जातो, मग सोडतो. यातली प्रत्येक फुंकर सिलिंडरमधूनच जाते. अंग आडवं नसतं, पाय खाली लोंबतात, हात वल्ह्यासारखे चालतात. पाण्यात वेग दुप्पट केला तर रोध साधारण चौपट होतो, म्हणजे घाई फार महागात पडते. त्यात गार पाणी, त्यात मुखवट्यात शिरलेलं थोडं पाणी, त्यात मनातली धाकधूक. आपल्या प्रेक्षकांनी प्राणायाम केला तो पाटावर बसून. इथे पाटच नव्हता. शिसं बरोबर करा, आडवं तरंगायला शिका, हात छातीशी बांधून ठेवा, पाय सावकाश हलवा. एवढ्यावरच बराच फरक पडेल, मग वीस वर्षांची साधना आपोआप कामाला येईल.

धाकधुकीवरून २०१८ ची थायलंडची गुहा आठवते. पाण्याने भरलेल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची मंडळीही होती. ६ जुलैला समन कुनान हे थाई नौदलाचे माजी जवान वाटेत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना दगावले. इतरांसाठी हवा पोचवता पोचवता. मुलांना बाहेर काढताना डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना केटामाइन देऊन गुंगीत ठेवलं, तोंडावर पूर्ण मुखवटा चढवला आणि सामानासारखं वाहून आणलं. अंधारात, पाण्याखाली, शुद्धीवरच्या मुलाला "शांतपणे श्वास घे" असं सांगून भागणार नाही, हे जगातले सर्वांत अनुभवी गुहा-डायव्हर जाणून होते.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब आता जास्त लोकांना करावा लागणार आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी उथळ, तिथे चूक खपून जाते. पण विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजींच्या नावाचा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उथळा आहे, आणि त्याचा माथाच वीसेक मीटर खाली आहे. तिथे प्रत्येक श्वासाची किंमत तिप्पट.

जाता जाता चंडीगडकरांसाठी एक सूचना. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नका. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघावा लागतो. त्याचं पहिलं शास्त्रीय वेळापत्रक १९०८ साली छापलं ते पुन्हा हॉल्डेन आणि मंडळींनीच. शेवटच्या डाइव्हनंतर १८ ते २४ तास जमिनीवर काढा. किंवा मडगावहून गोवा संपर्क क्रांती धरा, ती थेट चंडीगडला नेते. वाटेत श्वास मोजायला वेळही भरपूर मिळेल.